ज्यांच्या कानात शिसे ओतले, त्यांच्या लेकरांच्या हाती माईक द्या!

सध्या शिक्षणाच्या क्षेत्रात एका नव्या साधनाचा बोलबाला आहे. पॉडकास्ट हे त्याचे नाव. ध्वनिमुद्रित केलेला, भाग पाडून ठेवलेला आणि मोबाईलवर हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा ऐकता येणारा बोलका कार्यक्रम म्हणजे पॉडकास्ट. हा शब्द 2004 साली एका इंग्रजी वृत्तपत्रातील लेखात छापून आला आणि पुढे जगभर रूढ झाला. आज मोठ्या शहरांतील महागड्या शाळा आपल्या विद्यार्थ्यांकडून असे कार्यक्रम करून घेतात. तेथे मुलांना बोलायला, मुलाखत घ्यायला, प्रश्न विचारायला शिकविले जाते. मग आमचा साधा प्रश्न असा की, खापरखेड्याच्या वस्तीत राहणाऱ्या कंत्राटी मजुराच्या लेकराच्या वाट्याला यातले काय येणार? त्याने फक्त ऐकायचे की बोलायचेही?

हा प्रश्न आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. या देशात ऐकणे हासुद्धा एके काळी गुन्हा होता. शूद्राने मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळवलेले कथील-शिसे आणि लाख ओतावी, अशी शिक्षा गौतम धर्मसूत्रात सांगितली आहे. ज्ञान त्या काळी मुखातून कानात जात होते, म्हणून व्यवस्थेने पहिला पहारा कानावर बसविला आणि दुसरा जिभेवर. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' ठेवले, ते उगाच नव्हे. मुक्या केलेल्या समाजाला वाचा देणे हे त्यांनी चळवळीचे पहिले काम मानले.

याच्या अगदी उलट परंपरा तथागत बुद्धांची. बुद्धाच्या अनुयायाला श्रावक म्हणतात, म्हणजे ऐकणारा. तेथे कोणाच्याही कानावर बंदी नव्हती. त्रिपिटक लिहून काढले गेले ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, श्रीलंकेत. तोपर्यंत भिक्खू संघाने धम्म मुखोद्गत करून, एकमेकांना ऐकवून जपला. आणि त्याच तथागतांनी कालामांना बजावले होते की, केवळ कानावर आले म्हणून काहीही खरे मानू नका, स्वतः तपासून पाहा. ऐका, पण तपासा. शाळेत ध्वनीच्या साधनाने शिकवायचे असेल तर याहून चांगली शिस्त दुसरी नाही.

आवाजाचे हे साधन आपल्या चळवळीला नवे नाही. भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादा कर्डकांची गाणी यांनी जो समाज घडविला, त्यातील बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती. पुढे कॅसेट आल्या. दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटची दुकाने लागू लागली आणि विदर्भातील खेड्यापाड्यांत बाबासाहेबांचे चरित्र गाण्यांतून पोचले. स्वतः बाबासाहेब 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरून आपल्या जीवनविषयक तत्त्वज्ञानावर बोलले होते. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, हे त्यांनी त्या भाषणात स्पष्ट केले. 1955 साली त्यांनी बीबीसीला दिलेल्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते. किती शाळांनी आपल्या विद्यार्थ्यांना हा आवाज ऐकविला? वर्गात बाबासाहेबांचा फोटो आहे, जयंतीला हार आहे, आवाज मात्र नाही.

आता खापरखेड्याकडे येऊ. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यातील हे गाव महानिर्मितीच्या वीज केंद्रामुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. 210 मेगावॅटचे चार आणि 500 मेगावॅटचा एक, असे पाच संच मिळून या केंद्राची क्षमता 1340 मेगावॅट आहे. आसपास सिल्लेवाडा, वलनीच्या कोळसा खाणी. बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड, मध्य प्रदेशातून पोटासाठी आलेली माणसे आणि इथला मूळचा कष्टकरी एकाच चौकात चहा पितात. ही वीज मुंबई-पुण्याचे दिवे लावते. इथल्या लेकरांच्या डोक्यात उजेड पडावा यासाठी त्यातली किती खर्च होते, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या शाळेत जाऊन पाहावे.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ही विषमता उघडी पडली. ज्याच्या घरी मोठा मोबाईल आणि इंटरनेट, त्याची शाळा सुरू. ज्याच्या घरी नाही, त्याची बंद. त्या काळात नागपूर विभागात एक चांगला प्रयोग झाला. विभागीय आयुक्त कार्यालय, जिल्हा परिषद आणि 'प्रथम' ही संस्था यांनी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम सुरू केला. 1948 पासून विदर्भाला बातम्या आणि गाणी ऐकविणारे हे केंद्र काही काळ लेकरांची शाळा झाले. घरच्या घरी करता येतील असे उपक्रम त्यातून दिले जात आणि आईवडिलांनाही त्यात सामावून घेतले जाई. रेडिओला इंटरनेट लागत नाही, महिन्याचे पैसे लागत नाहीत. म्हणून तो जेथे मोबाईल पोचला नाही तेथे पोचू शकला.

पण रेडिओची एक अडचण आहे. वेळ टळली की पाठ गेला. आई कामावर असेल, पोरगी पाण्याला गेली असेल, तर तो पाठ परत येत नाही. पॉडकास्ट नेमकी हीच अडचण दूर करतो. पाठ साठवून ठेवता येतो. न कळलेला भाग चारदा ऐकता येतो. आणि त्यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती मोबाईल असण्याची गरज नाही. मध्यम दर्जाच्या ध्वनिमुद्रणात दहा मिनिटांचा पाठ सुमारे 5 एमबीत मावतो. शिक्षकाने तो एकदा उतरवून घेतला की मेमरी कार्डवर किंवा पेन ड्राईव्हवर राहतो आणि एका साध्या स्पीकरवर पन्नास मुलांचा वर्ग तो ऐकू शकतो. ज्या मुलाला डोळ्यांनी दिसत नाही, तोही या वर्गात मागे राहत नाही.

एका स्पीकरचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. 'असर' 2024 च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात 14 ते 16 वयोगटातील दहापैकी जवळपास नऊ मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आहे. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे 36 टक्के आणि मुली सुमारे 27 टक्के आहेत. फोन घरात आला तरी तो बापाच्या खिशात किंवा भावाच्या हातात असतो. शाळेने 'घरी जाऊन मोबाईलवर ऐका' एवढे सांगून हात झटकले, तर सर्वात आधी सुटणार आहे ती आपली पोरगी. म्हणून ऐकणे वर्गात झाले पाहिजे.

नुसता आवाज लावून दिल्यानेही शिक्षण होत नाही. 1974 साली निकाराग्वा या गरीब देशात रेडिओवरून प्राथमिक शाळेतील गणित शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारी आणि थांबे. त्या रिकाम्या जागेत सगळा वर्ग उत्तर देई. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगे. पाठ संपल्यावर वर्ग शिक्षकाच्या हाती येई आणि तो पुढचा सराव घेई. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच हे सिद्ध झाले आहे की, चांगला ध्वनिपाठ मुलाला बोलायला जागा ठेवतो आणि शिक्षकाला बाजूला सारत नाही.

येथेच आम्हाला सरकारला दोन शब्द सुनवायचे आहेत. 2023 मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या 14 हजारांहून अधिक शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा घाट घातला गेला. त्याच वर्षी शाळा दत्तक देण्याची योजना आली. या शाळा कोणाच्या? तांड्यावरच्या, पाड्यावरच्या, वस्तीवरच्या. अशा सरकारच्या हाती पॉडकास्टसारखे स्वस्त साधन लागले तर उद्या ते असेही म्हणेल की, आवाज पाठवतो, आता शिक्षक कशाला? शिक्षण हक्क कायद्याने 2009 साली प्राथमिक शाळेत 30 मुलांमागे एक शिक्षक ठरवून दिला आहे. तेथे शिक्षक म्हणजे माणूस, मशीन नव्हे. पॉडकास्ट शिक्षकाच्या हातातील खडूसारखा असावा. खडू आला म्हणून कोणी शिक्षकाची जागा रद्द केली नव्हती.

दुसरा धोका आशयाचा. पाठ लिहितो कोण आणि बोलतो कोण? पुण्या-मुंबईच्या खोलीत बसून मुद्रित केलेल्या 'शुद्ध' आवाजात आमच्या लेकराला आपली आई ऐकू येणार आहे काय? नागपूरकडचा मुलगा 'मी जाऊन राहिलो' म्हणतो, 'तो करून राहिला' म्हणतो. वर्गात त्याला हसतात आणि त्याचे तोंड मिटते. बोलीला अशुद्ध ठरविणे हाही जिभेवरचा पहाराच आहे. प्रमाण मराठी त्याने शिकलीच पाहिजे, परीक्षा आणि नोकरी त्याच भाषेत आहे. पण स्वतःच्या बोलीत बोललेले आणि यंत्रातून परत ऐकलेले मूल आपल्या आवाजाला लाजत नाही. तेच मूल पुढे प्रमाण भाषाही धीटपणे बोलते.

म्हणून आमची मागणी अशी आहे की, खापरखेड्याच्या शाळांत मुलांनी पॉडकास्ट ऐकावेतच, पण मुख्य म्हणजे करावेत. त्याला स्टुडिओ लागत नाही. शिक्षकाचा एक मोबाईल, दारे-खिडक्या लावलेली खोली आणि आवाज घुमू नये म्हणून दोन-चार जाड चादरी एवढे पुरते. पाच-सहा मुलामुलींचा गट करावा. एकाने प्रश्न काढायचे, एकाने लिहायचे, एकाने बोलायचे, एकाने ऐकून चुका दाखवायच्या. आठ मिनिटांचा कार्यक्रम लिहिताना लेखन होते, वाचन होते, इतिहास-विज्ञान होते आणि वेळेचे गणितही होते.

विषय शोधायला दूर जावे लागत नाही. कोळशापासून वीज कशी होते, हे वीज केंद्रातील कामगाराच्या तोंडून ऐकावे. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांत फरक काय, हे त्यालाच विचारावे. राख कोठे जाते, कन्हान नदीचे काय होते, हे विचारावे. जुलै 2022 मध्ये शेजारच्या कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला, त्याची माहिती गोळा करावी. अशा प्रश्नांतूनच नागरिकशास्त्र कळते.

आणि एक काम असे आहे की जे आज केले नाही तर पुन्हा कधीच करता येणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. 2026 मध्ये त्याला 70 वर्षे होतात. त्या दिवशी आईचे बोट धरून गेलेले दहा वर्षांचे पोर आज ऐंशीच्या घरात आहे. नागपूर जिल्ह्यातील गावोगावी अशा आजी-आजोबांपैकी काहीजण आज आहेत, उद्या नसतील. त्यांनी पांढरे लुगडे कोठून आणले, रस्त्यात काय खाल्ले, घरी परतल्यावर देव्हाऱ्यातील देवांचे काय केले, हे सगळे कोणत्या ग्रंथात सापडणार? आपल्याच नागपूरचे वसंत मून यांनी बाबासाहेबांचा कागद न् कागद जमविण्यासाठी आयुष्य वेचले, म्हणून 1979 पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड छापून निघाले. कागदाचे काम त्यांनी केले. आवाजाचे काम आपल्या लेकरांनी करावे. नातीने आजीला प्रश्न विचारावा आणि आजीने नातीला सांगावे, याहून मोठा इतिहासाचा तास कोणता?

यात काही पथ्ये पाळावी लागतील. ज्याचा आवाज घ्यायचा त्याला आधी विचारावे. मुलांचे आवाज आणि नावे पालकांच्या संमतीशिवाय इंटरनेटवर टाकू नयेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यानेही मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक मानली आहे. ऐकलेली गोष्ट दुसऱ्या माणसाकडून, कागदपत्रातून तपासावी. आठवण आणि पुरावा यांतील फरक मुलांना समजावून द्यावा. बाबासाहेबांविषयी सांगीवांगी गोष्टी पसरविणारे आपल्यातही कमी नाहीत. कालामांना दिलेला उपदेश आपल्यालाही लागू आहे.

खापरखेडा परिसरातील शिक्षक बांधवांनी, समता सैनिक दलाच्या कार्यकर्त्यांनी, महिला मंडळांनी आणि वीज केंद्रातील मागासवर्गीय कर्मचाऱ्यांनी हे काम अंगावर घ्यावे. विहारात रविवारी दोन तास द्यावेत. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करावा आणि त्या पैशात शाळेला एक स्पीकर, एक माईक आणि चार मेमरी कार्डे घेऊन द्यावीत. शाळेत शिक्षकाची जागा रिकामी असेल तर ती भरण्यासाठी निवेदनही त्याच हाताने द्यावे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी प्रत्येक वस्तीतून निदान एका आजीचा, एका आजोबांचा आवाज मुद्रित झालाच पाहिजे. बंधू-भगिनींनो, त्यांच्याजवळ फार दिवस नाहीत. उद्यापासूनच लागा.

जयभीम!