तंजावरच्या वेशीवरचे फ्रान्स

तंजावरहून फ्रेंच मुलखात जाण्यास एके काळी समुद्र ओलांडावा लागत नसे. तंजावरच्या भोसले दरबाराकडून १७३९ मध्ये फ्रेंचांना मिळालेले कारैकल जमिनीच्या बाजूने तंजावर जिल्ह्यानेच वेढलेले होते. १९४९ मध्ये जकातीचा करार संपला आणि नित्याच्या वाटांवर नाकी बसली. १ नोव्हेंबर १९५४ रोजी कारभार भारताकडे आला. कायदेशीर हस्तांतर मात्र १६ ऑगस्ट १९६२ पर्यंत रखडले.

सीमा पुसली गेली, तरी प्रश्न उरला तो माणसांचा. १९५६ च्या करारानुसार वसाहतीत जन्मून तेथेच राहणारे भारतीय ठरले. फ्रेंच राहू इच्छिणाऱ्यांना सहा महिन्यांत लेखी निवेदन देणे भाग होते. सायगावसारख्या परदेशी शहरांत स्थायिक झालेले, उलट निवड न केल्यास, फ्रेंचच राहिले. परिणामी, एका भावाला जन्मगावी येण्यास व्हिसा, तर दुसऱ्याला पॅरिसला जाण्यास, अशी स्थिती संभवली.

अर्ज आणि मुदत या कार्यालयीन बाबी वाटतात. परंतु त्यांनीच पिढ्यांचे नागरिकत्व ठरवले. नियम लोकांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचवल्याखेरीज मुदत मोजू नये, हा कारैकलचा धडा प्रशासनाने विसरू नये.