गटाचा कॅमेरा: छोटा की लांब झूमचा?

मैत्रिणींनो, बचत गटाच्या पैशातून कॅमेरा घ्यायला गेलं, की दुकानदार आधी लांब झूमचा मोठा दाखवतो. लांबच्या झाडावरचा पक्षी त्यात जवळ येतो, खरंय. पण आपल्याला फोटो हवेत पापड-लोणच्याचे, बैठकीचे. शिवाय प्रकाश टिपणारा सेन्सर बहुतेक वेळा दोन्हींत सारखाच लहान असतो. अंधाऱ्या खोलीत मोठा कॅमेरा काही जास्त उजळ फोटो देत नाही. पूर्ण झूमवर हात जरासा हलला तरी फोटो पुसट येतो, म्हणून स्टँडचा खर्च वेगळा. मी तर छोटाच घ्या म्हणेन. गावच्या कुस्त्या लांबून टिपायच्या असतील, तरच मोठा. आणि खोक्यावर ‘ऑप्टिकल झूम’ किती ते वाचा. ‘डिजिटल झूम’ म्हणजे आहे तेच चित्र ताणणं. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.