गाडीच्या दाराखालचा गंज

धान्याच्या व्यापाऱ्यास प्रथम शिकावी लागणारी गोष्ट ही की, माल नासतो तो थप्पीच्या तळाकडून. वरची पोती कोरडी दिसतात आणि फरशीला टेकलेल्या रांगेत ओल शिरलेली असते. म्हणून आम्ही पोत्यांखाली फळ्या घालतो. हाच नियम मोटारगाडीसही लागू आहे, हे ध्यानात येण्यास मात्र आम्हांस साठी उलटावी लागली.

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आम्ही वसुलीसाठी पेडण्याहून डिचोलीस निघालो होतो. वाटेत चाक पंक्चर झाले. चालकाने जॅक लावून चाक उतरविले व हात बाजूला घेतला, तोच दाराखालचा पत्रा पापडासारखा चुरला आणि गाडी एका अंगावर बसली. क्षणाचा फरक पडता, तर त्याचा हात गेला असता. दोष आमचाच होता. जॅक टेकण्याच्या जागेवरील पॅड गळून पडल्याचे मिस्त्रीने पूर्वीच सांगितले होते. "पुढे पाहू" म्हणून आम्ही तो किरकोळ खर्च टाळला होता.

हल्लीच्या बहुतेक मोटारींस जीपसारखी स्वतंत्र चौकट नसते. दाराखाली जी पेटीसारखी पोकळ पट्टी असते, जिला मिस्त्री सिल म्हणतात, तीही गाडीचा भार वाहते. तिच्यावर जॅकसाठी ठरावीक मजबूत जागा असतात. काही गाड्यांत तेथे रबराचे वा प्लॅस्टिकचे पॅड खुंट्यांनी बसविलेले असतात. पॅड निघाले की जॅकने रंग खरचटतो, उघड्या लोखंडास पाणी व हवा मिळते आणि गंज धरतो. मीठ त्यास आणखी वेग देते.

आपल्या गोव्यात या तिन्ही गोष्टींस तोटा नाही. वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. पेडण्याकडे हरमल, मोरजी, केरी येथील खारा वारा आहे. फेरीबोटीच्या धक्क्यावर भरतीचे खारे पाणी गाडीच्या तळास लागते. डिचोलीकडे तांबड्या मातीचा चिखल सिलच्या खालच्या भोकांत बसतो. ती भोके पाण्याच्या निचऱ्यासाठी असतात. ती बुजली की पाणी आत कोंडते आणि पत्रा आतून सडू लागतो. बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

दुरुस्ती करताना पुढील क्रम पाळावा. गाडी सपाट जागेवर लोखंडी घोड्यांवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. जुने पॅड काढून चिखल व मीठ गोड्या पाण्याने धुवावे आणि जागा पूर्ण वाळू द्यावी. नंतर पत्रा ठोकून पाहावा. तो पोकळ वाजला वा दबला, तर कुजका भाग कापून नवा पत्रा जोडून घ्यावा; तेथे पुट्टी भरणे म्हणजे किडका दाणा पोत्याच्या तळाशी दडविणे होय. पत्रा शाबूत असेल तर तारेच्या ब्रशाने गंज खरवडून जस्तयुक्त प्रायमर व वर रंग द्यावा. सिलच्या पोकळीत गंजरोधक मेण फवारावे, निचऱ्याची भोके मोकळी ठेवावी आणि मोडक्या खुंट्या बदलून नवे पॅड घट्ट बसवावे.

एक इशारा द्यावासा वाटतो. गंजावरच काळा डांबरी लेप फासला, तर ओल आत कोंडून राहते व नाश झाकला जातो. तसेच गॅरेजमध्ये गाडी उचलताना जॅक नेमक्या जागी लागतो की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे.

आता आम्ही मृगापूर्वी एकदा व दिवाळीपूर्वी एकदा गाडीचा तळ तपासवितो. हिशेबाच्या वह्या आपण दरवर्षी तपासतो. ज्या गाडीत आपली मुलेबाळे बसतात व जिच्याखाली दुसऱ्याचा मुलगा हात घालतो, तिचा तळ तपासण्यास अर्धा दिवस काढणे मुळीच जड नाही.