केअर ऑफ ९९ एपीओ

पहाटे पाच. अठ्ठावीस वर्षं फौजेत क्लार्की केली, त्यामुळे गजराशिवाय जाग येते. फक्त हात बुटांकडे न जाता चष्म्याकडे जातो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फेरी, चहा, आंघोळ. साताऱ्यात निवृत्त फौजी म्हटला की तो मेजर. शिपाई असो की हवालदार, कंडक्टरपासून दूधवाल्यापर्यंत सगळे मेजरच म्हणतात. मी सुभेदार म्हणून निघालो. या बढतीबद्दल माझी तक्रार नाही.

साडेनऊ. माजी सैनिकांच्या खोलीत माझं टेबल आहे. पगार नाही, शिक्का नाही, अर्ज लिहून देतो एवढंच. आज आधी एका हवालदारांचा हयातीचा दाखला. कुदळ धरून अंगठ्याच्या रेषा गेल्यात, मशीन त्यांना ओळखत नाही. मग एका वीरपत्नीच्या नावातली वेलांटी. दोन्ही तासाभरात मार्गी.

पावणेअकरा. आबा आले, वय ऐंशीच्या पुढे, बरोबर नातू. कोटावर तीन मेडलं. मी उठून रामराम केला आणि नजर छातीवर गेली. क्लार्कची खोड.

“मेजर, माझी मेडलं कागदावर न्हाईत. गावात फौजींच्या नावाचा बोर्ड लागतोय. ग्रामसेवक म्हणतो, डिस्चार्ज बुकात हाय तेवढंच लिहिणार. तिकडं अपशिंग्यात बघा, पहिल्या महायुद्धातल्या सेहेचाळीस जणांचा दगड अजून उभाय.”

डिस्चार्ज बुक उघडलं. भरती फेब्रुवारी १९६४, ट्रेड ड्रायव्हर, स्वतःच्या अर्जावरून घरी ऑक्टोबर १९७२. मेडलांच्या रकान्यात निळ्या शाईत एकच नाव : रक्षा मेडल. त्याच्यापुढे रकाना कोरा.

मी मेडलं काढून हातात घेतली. पहिलं रक्षा मेडल. कडेवर बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव. आडनावात एक अक्षर चुकलेलं. म्हणजे अस्सल. दुसरं संग्राम मेडल. कड गुळगुळीत, नखाला काही लागत नाही. तिसरा पूर्वी स्टार, ७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर असणाऱ्यांचा. त्याची पाठ कोरी. नातू मान खाली घालून म्हणाला, “मी ऑनलाइन मागवली. वाढदिवसाला.”

फौजेत याला टेलर कॉपी म्हणतात. सरकारी मेडल यायला वर्षं लागतात, म्हणून नोकरीतले जवानही छावणीच्या बाजारातून घेऊन परेडला लावतात. त्यात लाज नाही. पण टेलर कॉपीवर नाव नसतं आणि रेकॉर्ड ऑफिस तिला ओळखत नाही.

साडेअकरा. आता खरं काम, म्हणजे ऐकणं. कागदाला एवढंच हवं असतं : कुठली युनिट, कुठली तारीख, कुठली जागा. माणसाला सांगायचं असतं ते वेगळंच. आबांनी तुऱ्याच्या डोंगरातला धुरळा सांगितला, दिवे न लावता चालवलेली गाडी सांगितली, कमालपूर, बक्षीगंज. “ब्रह्मपुत्रेला माझा ट्रक अलीकडंच राहिला, मेजर. पलीकडं सामान गेलं बैलगाड्यांतनं. आम्ही शेतकऱ्याची पोरं, काठावर बसून हसत हुतो.” मी मधे तोडत नाही. नवीन असताना तोडायचो, आणि मग अर्ज परत यायचे.

अर्ध्या तासाने सापडलं. “ज्या कंपनीबरोबर गेलो तिचा मी न्हवतोच. चार महिन्यांसाठी अटॅच हुतो.”

पेन खाली ठेवला. अटॅच. युनिटमध्ये माणसाबद्दल जे घडतं ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून रेकॉर्डला जातं, तिथून त्याच्या शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रावर, चढतं. अटॅच असलेला माणूस दोन दरवाज्यांच्या मधे उभा असतो. ज्यांच्याकडे राबला त्यांना वाटतं मूळ युनिट छापेल, मूळ युनिटला वाटतं ते छापतील. आबांसारखे ड्रायव्हर, स्वयंपाकी, न्हावी यात फार सापडतात. शिवाय मेडलं पाडून वाटेपर्यंत हा माणूस गावी आलेला. ७२चा दुष्काळ, घरी बाप एकटा.

दुसरी अडचण मोठी. आबांना पेन्शन नाही, आणि बिनपेन्शनवाल्याची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात. उरते लाँग रोलची, म्हणजे नावांच्या कायमच्या नोंदवहीतली, एक ओळ. म्हणजे पुरावा आपणच द्यायचा.

“आबा, त्या वेळचं काही? फोटो, पत्र?”

“म्हातारीला इचारा.”

दुपारी सव्वा. डबा खाताना नातवाच्या मोबाइलवर फोटो आला. आजीच्या ट्रंकेतलं आंतरदेशीय, घड्यांवर फाटलेलं. पाठवणाऱ्याच्या जागी आबांचं वळणदार अक्षर : नंबर, नाव, ज्या कंपनीला अटॅच होते तिचं नाव, केअर ऑफ ९९ एपीओ. मी भाकरीचा हात तसाच धरून वाचत बसलो. एपीओ म्हणजे फौजेचं डाकघर. ५६ एपीओची डाक दिल्लीवरून जाते, ९९ची कलकत्त्यावरून. ९९ म्हणजे पूर्वेकडचा माणूस. शिक्का फिकट, पण ‘डिसें ७१’ लागतं. आत युद्धाचा एक शब्द नाही. शाळूला पाणी पुरलं का, म्हैस व्याली का, आणि बाळाला खोकल्यासाठी अडुळसा द्यावा.

अडीच. अर्ज हिंदीत लिहिला. पूर्वी स्टारसाठी अटॅचमेंटची हकीकत, त्या कंपनीच्या पार्ट टू ऑर्डर तपासण्याची विनंती. संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात सेवेत असणाऱ्यांचं, त्याला डिस्चार्ज बुकच पुरे. तिसरं आबांना माहीतच नव्हतं : १५ ऑगस्ट १९७२ला जो नोकरीत होता त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. तेही घातलं. गोष्टी गाळल्या, बैलगाड्यांची मात्र एक ओळ ठेवली. माझी क्लार्की त्यावर नाराज आहे.

“नऊ वर्षांच्या नोकरीचं पण असतंय न्हवं?”

“चार महिने कमी पडतात, आबा.”

“दुष्काळ थांबला असता तर मीबी थांबलो असतो.” त्यांनी अर्जावर सही केली, आधी नंबर, मग नाव. नंबर विचारावा लागला नाही.

टेलर कॉप्या कोटावर परत लावून देऊ का, नातवाने विचारलं. आबांनी रक्षा मेडल तेवढं लावून घेतलं.

संध्याकाळी सात. मोबाइलवरचा फोटो चालणार नाही, पत्राची साक्षांकित प्रत लागेल, म्हणून घरी फोन केला. आजीने उचलला.

“पत्र सरकारला द्यायचं?”

“नाही हो आजी, झेरॉक्स काढून लगेच परत.”

थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाल्या, “मी सोता घिऊन यीन. ह्यांच्याकडं देणार न्हाई, हे हरवतील.”

डायरीत लिहिलं : उद्या पहिल्या एसटीने आजी. झेरॉक्सवाल्याला सांगणे, घड्या जपून उलगडणे.