मुलाने इंजिनिअर व्हावे काय?

परीक्षांचे निकाल लागले की माझ्यासारख्या निवृत्त इंजिनिअराकडे एक प्रश्न हटकून येतो. मुलाला गणितात गुण चांगले आहेत, तेव्हा त्याला इंजिनिअरिंगला घालावे ना? या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेवरून देण्याचे धाडस मी करीत नाही. का करीत नाही, ते एका मुलाच्या उदाहरणाने सांगतो.

बदलापूरचे एक गृहस्थ गेल्या वर्षी माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा अकरावीत होता. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर येऊन बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना सोडवून आणावे लागले, हे आपणांस स्मरत असेल. त्या वेळी हा मुलगा लहान होता. पण पाण्याचे वेड त्याच्या मनात तेव्हापासून शिरले. पुढे बारवी धरणासंबंधी त्याने वाचले. उल्हासनगर आणि अंबरनाथ यांना पाणी पुरविणाऱ्या या धरणाची पातळी ७२.६० मीटरला पोचली, की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात. कोणी न उघडता दार उघडते कसे, या कुतूहलापोटी त्याने तसले दार स्वतः करावयाचे ठरविले.

त्याची योजना साधी होती. एका टाकीच्या बाजूला दहा सेंटिमीटर रुंद व वीस सेंटिमीटर उंच असे लोखंडी पत्र्याचे दार, वरखाली सरकण्यासाठी दोन्ही बाजूंस खाचा, दाराला बांधलेली दोरी कप्पीवरून पलीकडे नेलेली आणि तिच्या टोकाला एक रिकामा डबा. टाकी काठोकाठ भरली की वरच्या नळीतून पाणी डब्यात पडावे, डबा जड होऊन खाली यावा आणि दार वर उचलले जावे. पाणी ओसरले की डब्याच्या बुडाशी ठेवलेल्या बारीक छिद्रातून तो रिता व्हावा आणि दार आपल्या वजनाने पुन्हा बसावे. दाराचे वजन सुमारे तीनशे ग्रॅम, डब्यात मावणारे पाणी अर्धा लिटर. हिशेब बिनचूक दिसत होता.

प्रत्यक्षात डबा तुडुंब भरला, टाकीवरून पाणी वाहू लागले, तरी दार जागचे हलेना! घरची मंडळी हसली. वडील मला म्हणाले, "साहेब, पोरगा पुस्तकात हुशार आहे, पण हाताने काही होईल असे दिसत नाही. इंजिनिअरिंगचा नाद सोडावा म्हणतो."

मी मुलालाच बोलावून घेतले. तो म्हणाला, "काका, टाकी रिकामी असताना दार एका बोटाने उचलते. भरल्यावरच अडते." बस्स! अर्धे उत्तर त्यानेच शोधले होते. आम्ही कागद घेऊन बसलो. पाण्याचा दाब पृष्ठभागाशी शून्य असतो आणि तळाकडे वाढत जातो. वीस सेंटिमीटर खोल पाण्यात तो सरासरीने दर चौरस सेंटिमीटरला दहा ग्रॅम पडतो. दाराचे क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटर. म्हणजे दारावर दोन किलोंचा रेटा! त्या रेट्याने दार खाचेवर दाबले जात होते, आणि लोखंडावर लोखंड घासताना होणारा अडथळाच किलोच्या घरात जात होता. अर्ध्या लिटरचा डबा त्यापुढे काय करणार? दार तेवढ्याच रुंदीचे ठेवून खोली दुप्पट केली, तर हा रेटा चौपट होतो. धरणाची दारे करणाऱ्याला हा हिशेब क्षणभरही विसरता येत नाही.

मोठा डबा लावणे हा एक उपाय होता. मुलाने दुसरा काढला. उल्हासनगरच्या बाजारातून त्याने चार लहान बेअरिंगे आणली, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराकडून लेथवर त्यांचे आस करवून घेतले आणि दाराच्या कडांना चाके बसविली. मोठ्या धरणांच्या दारांनाही चाके असतात, हे त्याला मागाहून कळले. आता घासण्याऐवजी दार चाकांवर सरकू लागले आणि तोच अर्ध्या लिटरचा डबा पुरेसा झाला.

ही कल्पना आपल्या प्रांताला नवी नव्हे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली इंजिनिअरिंगची परीक्षा उत्तीर्ण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी स्वयंचलित दारांची योजना केली, १९०३ साली तिचे पेटंट घेतले, आणि ती दारे खडकवासल्याच्या धरणावर प्रथम बसविली गेली.

मुलाचे यंत्र पहिल्याच खेपेस चालावे, असा आग्रह पालकांनी धरू नये. ते बंद पडल्यावर तो काय करतो, इकडे लक्ष द्यावे. तो ते माळ्यावर टाकून देतो, की कोठे अडले म्हणून पुन्हा पाहतो? ज्याला तसे पाहिल्यावाचून चैन पडत नाही, त्याने हा पेशा खुशाल पत्करावा. मग दहावीनंतर पदविका घेऊन पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, किंवा बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन थेट पदवीला जाता येते. मार्ग कोणताही चालेल. मात्र ज्याला या खटाटोपात मुळीच गोडी वाटत नाही, त्याला केवळ गुण आहेत म्हणून या वाटेला लावू नये. त्याच्या आयुष्याची चार मोलाची वर्षे त्यात जातात.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, की निर्णय एक वर्ष पुढे ढकला आणि घराच्या गच्चीचा एक कोपरा मुलाला द्या. कोपरा मिळाला आहे. दार आता उघडते. बंद होताना मात्र अजून थोडे गळते, आणि मुलगा त्याच्या मागे लागला आहे.