सेंटपेक्षा लहान भाव

मी सर्किट बोर्ड बनवतो. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात रेझिस्टर पाकिटाने घेतले, की हिशेब रुपयांत होतो. शेन्झेनच्या एलसीएससीसारख्या ऑनलाइन बाजारात मात्र एका नगाचा भाव डॉलरमध्ये, दशांश चिन्हापुढे चार-चार अंकांपर्यंत दिलेला असतो.

इतका काटेकोरपणा लागतोच. ०४०२ आकाराचा रेझिस्टर जेमतेम १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद. कागदी पट्टीत बसवलेले असे १०,००० नग एका रिळात येतात. समजा, नगाचा भाव ०.००१४ डॉलर आहे. अख्ख्या रिळाचे १४ डॉलर होतात. तोच भाव आधीच एका सेंटवर नेला, तर बिल १०० डॉलरवर जाईल. शून्यावर आणला, तर विक्रेता बुडेल. म्हणून आधी गुणाकार करायचा आणि पूर्ण सेंटांत आकडा बसवायचा तो शेवटच्या बेरजेवर.

सेंटपेक्षा लहान भावाची कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या १७९२ च्या नाणे कायद्यातच डॉलरचा हजारावा भाग, म्हणजे ‘मिल’, नोंदलेला आहे. तेवढ्या किमतीचे नाणे तिथल्या सरकारी टांकसाळीने कधी पाडले नाही, पण पेट्रोल पंपांवरच्या भावाच्या शेपटीला आजही सेंटचे नऊ दशांश दिसतात.

छोट्या उद्योजकांना माझे कळकळीचे सांगणे आहे : नुसत्या नगाच्या भावावर जाऊ नका. किमान किती नग घ्यावे लागतात ते पाहा, वाहतूक आणि सीमाशुल्क मिळवा, नगामागे खरा खर्च काढा आणि मगच ऑर्डर द्या.