नगरकरांचे पूर्वज आणि न्यायाचा दिवस

नगर शहरातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा, पतसंस्थांच्या पाट्यांवर एक शब्द हमखास भेटतो : सोनेतारण. बांगड्या ठेवा, पैसे न्या, पुढं सोडवून न्या. रविवारी सकाळी हाच शब्द चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या तोंडून ऐकला की कान टवकारतात. तारण म्हणजे उद्धार, पैलतीरी नेणं. ख्रिस्त हा तारणारा. दोन्ही शब्दांची मुळं व्याकरणकारांनी कुठंही नेऊन पोहोचवावीत, ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ते एकमेकांत मिसळतात आणि त्यात फारसं बिघडतही नाही. माणूस पापाकडं गहाण पडला होता, कुणीतरी किंमत मोजून सोडवला, असंच तर ख्रिस्ती शिकवण सांगते. मराठी बायबलात त्या किमतीला ‘खंडणी’ म्हटलं आहे. आजच्या वर्तमानपत्रातली खंडणी डोक्यात असलेल्या पोरांना तो शब्द समजावून सांगताना रविवारच्या शाळेतल्या बाईंची तारांबळ उडत असणार.

नगर जिल्ह्यात (आता कागदोपत्री अहिल्यानगर) ख्रिस्ती वस्ती जुनी आहे आणि ती अस्सल मराठी आहे. तिच्या श्रद्धेतला शेवटचा अध्याय, म्हणजे मरण, पुनरुत्थान, न्याय आणि जगाचा अंत, बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतो. ठाऊक असतो तो फार तर सिनेमातला कर्णा आणि आगीचा डोंब.

या शिकवणीचा सांगाडा सोपा आहे. माणसाला जन्म एकच. मेल्यावर आत्मा देवाच्या हाती. काळाच्या शेवटी ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील आणि जिवंत-मृत सगळ्यांचा न्याय होईल. बायबलच्या शेवटच्या, ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात हा दरबार आहे : पांढरं सिंहासन, उघडलेली पुस्तकं आणि त्यांच्याशेजारी आणखी एक, जीवनाचं पुस्तक. चित्रगुप्ताची वही माहीत असलेल्याला हे दृश्य परकं वाटत नाही. फरक पुढं आहे. यमाच्या दरबारात जमाखर्च होतो, भोग भोगून संपतो आणि जीव पुन्हा जन्माला येतो. इथं पुढची तारीख नाही. आणि पुण्याची बेरीज कितीही केली तरी ती पुरत नाही, वाचवते ती कृपा, असं प्रॉटेस्टंट पंथ ठामपणे सांगतो. ही बाजू जितकी दिलासा देणारी, तितकीच करडी. कारण कृपा ज्या नावानं मिळते ते नाव ज्यानं ऐकलंच नाही, त्याचं काय?

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्याय नगरच्या माणसाला जास्त जवळचा वाटावा. तिथं राजा मेंढरं उजवीकडं आणि शेरडं डावीकडं उभी करतो. पारनेर-संगमनेरच्या माळावर धनगराचा कळप पाहिलेल्याला यातलं मर्म सांगावं लागत नाही. दिवसभर दोन्ही जनावरं एकाच कळपात चरतात, निवड करायची ती हाकणाऱ्यानं. गंमत अशी की त्या न्यायात कुणाला धर्ममत विचारलेलंच नाही. भुकेल्याला जेवू घातलंस का, परक्याला घरात घेतलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का, एवढंच विचारलं आहे. धर्मपंडितांनी या अध्यायाला दोन हजार वर्षं नाना कुंपणं घातली, पण अध्याय आपल्या जागी आहे.

नगरला हा विषय आणला अमेरिकनांनी. बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्डा’चं मिशन 1813पासून मुंबईत होतं. 1831च्या अखेरीस त्यांनी नगरला ठाणं केलं. ग्रेव्हज, हर्वी आणि हॉलिस रीड हे तिघे मिशनरी, आणि बाबाजी हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ. पहिली दोन वर्षं मरणानंच गाजवली. 1832मध्ये हर्वी गेले, 1833मध्ये बाबाजी. दोघांनाही पटकीनं नेलं. ज्यांना मरणानंतरचं सांगायचं होतं, त्यांच्याच दारात मरण येऊन बसलं.

रीड काही वर्षांत अमेरिकेला परतले, पण शेवटच्या काळाचा नाद त्यांना कायमचा लागला. 1861मध्ये, अमेरिकेत यादवी पेटली त्याच वर्षी, त्यांनी जगावर येऊ घातलेल्या महासंकटावर, मोठ्या युद्धावर आणि त्यानंतरच्या सुवर्णयुगावर एक पुस्तक काढलं. पुढं सैतानाच्या पाऊलखुणांवर आणखी एक. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन मिशनऱ्यांचा विश्वास असा, की सुवार्ता जगभर पसरत जाईल, शाळा-छापखाने निघतील, अन्याय मागं हटेल आणि प्रकटीकरणात सांगितलेलं सहस्र वर्षांचं राज्य हळूहळू उगवेल. ख्रिस्त येईल तो त्यानंतर. दुसरा पक्ष म्हणे, जग सुधारणार नाही, नासतच जाणार, आधी ख्रिस्त येईल आणि मग ते राज्य. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्यानं तर हिशेब मांडला, आणि त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीखच धरली. ती तारीख आली आणि गेली. त्या निराशेतून जे पंथ उभे राहिले, त्यांतल्या सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांची मोठी शाळा-कॉलेजं पुढं पुण्यात झाली. ते लोक नरकात अनंतकाळ जळणं मानत नाहीत. मेलेला माणूस न्यायाच्या दिवसापर्यंत जणू झोपलेला असतो, असं ते मानतात. एकाच धर्मात या विषयावर किती वाटा आहेत, ते यावरून कळावं.

आता मूळ गोष्टीकडं येतो. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे मिशनऱ्याचेच चिरंजीव, 1847मध्ये मुंबईत जन्मलेले. येल आणि अँडोव्हरला शिकून 1874मध्ये ते नगरला आले आणि जवळपास अर्धं शतक इथंच राहिले. पाळक घडवणारी धर्मशिक्षणाची शाळा त्यांनी उभी केली, दुष्काळात अनाथ पोरं सांभाळली. 1886 साली ते रजेवर अमेरिकेत होते. अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात तेव्हा एक वाद पेटलेला होता. तिथल्या काही प्राध्यापकांचं म्हणणं असं : ज्याला या जन्मी ख्रिस्ताबद्दल कळलंच नाही, त्याला देव मरणानंतर, न्यायाच्या आधी, एक संधी देत असावा. नाहीतर न्यायी देव कसला? आधार म्हणून ते पेत्राच्या पहिल्या पत्राकडं बोट दाखवत. ख्रिस्तानं बंदिशाळेतल्या आत्म्यांनाही घोषणा केली, असं तिथं म्हटलं आहे.

ह्यूम अँडोव्हरच्याच माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलले आणि या मताला त्यांनी सहानुभूती दाखवली. बारा वर्षं मराठी मुलुखात काढलेल्या माणसाला हा प्रश्न ग्रंथालयात सापडलेला नव्हता. पितृपंधरवडा पाळणाऱ्या, आजा-पणजाला पाणी देणाऱ्या समाजात तुम्ही उभे राहता आणि सांगता, की या एका नावावाचून तारण नाही. समोरचा माणूस पहिलं काय विचारील? स्वतःबद्दल नाही विचारणार. तो विचारील, आमच्या म्हाताऱ्याचं काय? तो भला माणूस होता, कुणाचं वाकडं केलं नाही, तुम्ही लोक यायच्या आधीच गेला. माझ्या मते त्या काळच्या धर्मशास्त्राला नगरच्या खेड्यानं घातलेला हा सगळ्यांत अवघड पेच होता. आणि तो घालणारे बहुतेक लोक अक्षरशत्रू होते.

बोर्डात खळबळ उडाली. कर्मठ मंडळींचं म्हणणं सरळ होतं : मेल्यावर संधी असेल, तर आम्ही वर्गणी काढून माणसं समुद्रापार कशाला धाडतो? मिशनचा पायाच उखडतो. बोर्डाचे सेक्रेटरी एडमंड ऑल्डन या पक्षाचे खंदे. ह्यूम यांना नगरला परत पाठवायचं की नाही, हा निर्णय लांबवण्यात आला. त्या ऑक्टोबरात आयोवातल्या डे मॉइनला भरलेल्या बोर्डाच्या वार्षिक सभेतही हाच विषय तापला. अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांच्या प्रदेशात जमलेले धर्मपुढारी नगर-नेवासे-राहुरीकडच्या मेलेल्या माणसांच्या भवितव्यावर भांडत होते. नगरला याचा पुरता पत्ता तरी होता की नाही, कोण जाणे.

अखेर 1887मध्ये ह्यूम परत आले. हा विरोध बोर्डाला शेवटपर्यंत रेटता आला नाही. मात्र नव्या उमेदवारांना बोर्ड काही वर्षं चाळण लावतच राहिलं. नॉइज नावाच्या एका तरुणाला याच मुद्द्यावर नाकारलं होतं. तो दुसऱ्यांच्या खर्चानं जपानला गेला आणि 1893मध्ये बोर्डानं त्याला आपला म्हटलं. तोवर वादातली हवा निघून गेली होती. नगरमधल्या एका चर्चला आज ह्यूम यांचं नाव आहे.

इथं एक गोष्ट बाजूला सांगायला हवी. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आले, पुष्कळसे 1876-78च्या आणि 1899-1900च्या दुष्काळांच्या आगेमागे. ते भाकरीसाठी आले, असा टोमणा आहे. ते नरकाच्या भयानं आले, असंही कुणी म्हणेल. मला दोन्ही अपुरं वाटतं. ज्या माणसाला चावडीवर कधी न्याय मिळाला नाही, पाटलाच्या ओट्यावर बसायला मिळालं नाही, त्याला जात न विचारणाऱ्या न्यायाधीशाची गोष्ट भिववते की बळ देते? न्यायाच्या दिवसाची धास्ती बहुधा ज्याचं चाललेलं असतं त्यालाच जास्त.

ह्यूम यांच्या ओळखीतूनच कवी नारायण वामन टिळक नगरला आले. त्यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्यानंतर नगर आणि राहुरी हीच त्यांची कर्मभूमी. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, असं टिळक सांगत. हे वाक्य सगळे कौतुकानं उद्धृत करतात, त्यातली ठिणगी मात्र थोड्यांनाच दिसते. पूल जर खरा, तर पूल बांधणारा बुडाला असं म्हणता येईल का? अँडोव्हरच्या प्राध्यापकांनी जे शेकडो पानांत सिद्ध करायचा खटाटोप केला, ते कवीनं एका उपमेत मिटवलं. नेवासं, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते याच जिल्ह्यात. त्याच तालुक्यातल्या वडाळ्याला अमेरिकनांचं मिशन. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरच्या ख्रिस्ती कवीनं त्याआधीच टाळ-चिपळ्या हाती घेऊन कीर्तनातून बायबल सांगायला सुरुवात केली होती. या मातीत पूर्वजांना ओलांडून पुढं जाणं कुणालाच जमलेलं नाही.

जिल्ह्यातल्या कॅथलिकांनी हा प्रश्न निराळ्या रीतीनं हाताळला. त्यांच्या शिकवणीत स्वर्ग-नरकाच्या मध्ये शुद्धीची एक अवस्था आहे, पर्गेटरी, आणि तिथल्या जिवांना जिवंतांच्या प्रार्थनेचा उपयोग होतो. म्हणून 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस. कबरींवर तेव्हा झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या असतात. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियमेच्या, यात्रेला सप्टेंबरात जमणाऱ्या गर्दीत हिंदूही असतात, आणि त्यांच्या आज्या-पणज्यांचा प्रश्न तिथं कुणी काढत नाही. खुद्द रोमनं 1964मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या एका प्रमुख दस्तऐवजात, लिहून टाकलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. ह्यूम यांची वाट अडली, त्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी.

मेलेले उठणार म्हणून देह मातीत नीट ठेवायचा, ही ख्रिस्ती रीत फार जुनी. दहनाला कॅथलिक चर्चनं 1963पर्यंत परवानगी दिली नव्हती, आणि प्रॉटेस्टंटांतही मराठी ख्रिस्ती कुटुंबं दफनच करत आली. टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले. आपल्याला दहन द्यावं, अशी त्यांची इच्छा होती. तसं दहन झालं आणि अस्थी नगरला आणून पुरण्यात आल्या. म्हणजे आधी पूर्वजांच्या रीतीनं अग्नी, मग मंडळीच्या रीतीनं माती.